‘आरशात बघ’ म्हणून भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत मुलींच्या डाएटच्या वेडाविषयी नुकताच जो लेख प्रसिद्ध झाला, त्यामागचा हेतू चांगला आहे. परंतु जेवण तोडून हाडे वर आलेल्या मुलीला पालकांनी आरशासमोर उभे करावे आणि ‘तू किती वाळली आहेस ते तूच बघ’ असे समजवावे, हा त्यातील सल्ला वाचून हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही. हा उपाय मी माझ्या घरी जवळजवळ वर्षभर करून पाहिला आहे.

माझी मुलगी अकरावीत असताना तिचे जेवण आधी अर्ध्या पोळीवर आणि मग नुसत्या काकडीच्या कोशिंबिरीवर आले. आरशासमोर मी तिच्या बरगड्यांकडे बोट दाखवायची आणि ती रडत रडत पोटाकडे. मला तो निव्वळ हट्ट वाटे. त्याच सुमारास आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये दोन स्कूटरींच्या मधून जाताना ती खांदा वळवून तिरकी होऊ लागली. त्याच जागेतून शेजारच्या काकू दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन सरळ जात असत. मुलगी मोठी झाली, अंग चोरून चालू लागली, असे समजून मला त्याचे थोडे कौतुकच वाटले होते, हे लिहिताना आजही लाज वाटते.

‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ (जेवण तोडून वजन धोकादायक इतके घटवणारा मानसिक आजार) असे निदान झाल्यानंतर मी त्याविषयी वाचू लागले, तेव्हा नेदरलँड्समधील उट्रेक्टच्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग वाचनात आला. हा आजार असलेल्या १९ आणि निरोगी २० स्त्रियांना कमीअधिक रुंदीच्या दारासारख्या फटींमधून चालायला सांगितले होते आणि त्याच वेळी दुसऱ्या एका कामात त्यांचे लक्ष गुंतवून ठेवले होते. निरोगी स्त्रिया स्वतःच्या खांद्यांपेक्षा २५ टक्के रुंद फटीपाशी खांदे वळवू लागल्या. आजारी स्त्रिया मात्र फट खांद्यांपेक्षा ४० टक्के रुंद असतानाच वळू लागल्या. ज्या क्षणी त्या आपल्या दिसण्याचा विचारही करत नव्हत्या, त्या क्षणी त्यांचे पाय आणि खांदे अधिक रुंद देहाच्या हिशेबाने हलत होते. पार्किंगमधली माझी मुलगी मला तेथे भेटली.

आपण कसे दिसतो याविषयी मनात असलेले चित्र ही एक गोष्ट. परंतु गर्दीच्या एसटीत वाट काढताना किंवा अंधारात दाराची चौकट चुकवताना मेंदू देहाच्या ज्या नकाशाचा आपल्या नकळत उपयोग करतो, तो त्याहून निराळा. तो नकाशा डोळ्यांबरोबरच स्पर्श, स्नायू आणि सांधे यांच्याकडून येणाऱ्या संवेदनांवर बेतलेला असतो. त्याच संशोधकांच्या आधीच्या एका प्रयोगात दंडावर आणि पोटावर एकाच वेळी दोन ठिकाणी स्पर्श केला असता त्या दोहोंमधील अंतर या रुग्णांना प्रत्यक्षापेक्षा जास्त वाटले होते. जिला स्पर्शानेही आपले पोट मोठे जाणवते, तिची समजूत आरसा दाखवून कशी पटणार?

अर्थात, सगळा दोष डोळ्यांच्या किंवा त्वचेच्या फसगतीवर ढकलणेही बरोबर नाही. जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णांना त्यांच्याच देहावरून बनवलेल्या कमीअधिक वजनाच्या संगणकीय आकृत्या दाखवल्या, तेव्हा स्वतःचे आकारमान त्यांनी बऱ्यापैकी अचूक ओळखले. मात्र त्यांना हवासा वाटणारा देह फारच कृश होता. म्हणजे दिसणे, जाणवणे आणि हवेसे वाटणे या तिन्ही गोष्टी एका सुरात बिघडत नाहीत, आणि प्रत्येक रुग्णाची घडण वेगळी असते.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. १९९५ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी ज्या पाच तरुणींची नोंद केली, त्यांच्यात जेवण नाकारणे होते, वजनही घटले होते, परंतु देहप्रतिमेचा, म्हणजे स्वतःच्या देहाविषयी मनात असलेल्या चित्राचा, ठळक बिघाड आढळला नव्हता. त्यामुळे ‘मी लठ्ठ आहे’ असे तोंडाने न म्हणणारी, नुसते ‘पोट भरलंय’ किंवा ‘मळमळतंय’ म्हणणारी मुलगीही आजारी असू शकते. आम्ही ज्या डॉक्टरांकडे प्रथम गेलो, त्यांनी ‘लग्न झालं की अंग धरेल’ असे सांगून टॉनिक लिहून दिले होते. मानसिक आजारांपैकी ज्यांत जीव जाण्याचा धोका सर्वांत मोठा, त्यांत या आजाराची गणना होते, हे आम्हाला फार उशिरा कळले.

उपचारांत आधी वजन सावरावे लागते, कारण उपाशी मेंदूशी वाद घालून काही साधत नाही. परंतु वजन आले म्हणजे नकाशाही लगेच बदलतो असे नव्हे. माझी मुलगी आता नीट जेवते, तरी दमलेली असली की स्वयंपाकघराच्या दारात तिचा खांदा अजून वळतो. पूर्वी मी टोकत असे, आता टोकत नाही.

म्हणून आपणास दोन विनंत्या आहेत. अशा लेखांसोबत हाडे दिसणाऱ्या मुलींची छायाचित्रे आणि ‘इतक्या महिन्यांत इतके किलो’ असे आकडे छापू नयेत; आजारी मुलीसाठी ते इशारा ठरत नाहीत, लक्ष्य ठरतात. आणि लेखाच्या शेवटी वजन-उंचीच्या तक्त्याऐवजी मानसिक आरोग्याविषयी फोनवर मदत देणाऱ्या शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक द्यावा.

हे पत्र पाठवण्यापूर्वी मी मुलीला वाचून दाखवले. पहिल्या मसुद्यात तिच्या वजनाचे दोन आकडे होते. ते तिने खोडायला सांगितले, म्हणून ते येथे नाहीत.

– एक आई, सांगली
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)