पू नव्हता तो

प्रिय बंड्या,

दिवाळीत तुझा फोन उचलला नाही, नंतर केलाही नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. शुगर आटोक्यात, पाठ होती तशीच.

शेजारच्या मावशींचा नातू, वय 19. खालची डावी अक्कलदाढ हाडातच अडकलेली, हिरडी सुजलेली. ओपीजीत, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत, दाढेभोवती काळा पोकळ भाग, मागे रेमसमध्ये, जबड्याच्या उभ्या हाडात, वरपर्यंत चढलेला. हाडावरून बोट फिरवलं तर फुगवटा जवळजवळ नाहीच. एवढं पोखरूनही हाड न फुगवणारा कोण, हे व्हायव्हाच्या आदल्या रात्री गच्चीवर तूच माझ्याकडून घोकून घेतलं होतंस.

18 गेजची सुई घातली. डेंटिजेरस, म्हणजे अडकलेल्या दाढेवरची साधी सिस्ट, तिचं पिवळसर पाणी येईल म्हणून ओढतोय, काही येईना. जोर लावला तेव्हा सिरिंजच्या तोंडाशी पांढरं आलं, चक्क्यासारखं घट्ट. मावशींनी विचारलं, "काय रे ते?" म्हटलं, पू. आणि गॉजला पुसून टाकलं.

पुढची गंमत ऐक. तपासायला तुकडा काढला तोही दाढेलगतचा, सगळ्यात सुजलेल्या जागचा. पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर लिहिलं 'डेंटिजेरस सिस्ट?', बस्स. रिपोर्टही तसाच आला: सूज असलेली सिस्ट, डेंटिजेरसशी जुळणारी. त्या पॅथॉलॉजिस्टला काय बोलणार? हाड न फुगवणारी, आत चक्का भरलेली ती केराटोसिस्ट; सुजेत तिचं नागमोडी अस्तर, तळाच्या पेशींची ती शिस्तीची रांग, सगळं पुसलं जातं. चक्क्याचं एक वाक्य लिहिलं असतं तर त्यानं तुकड्याचे आणखी सेक्शन कापले असते. "फॉर्म म्हणजे वाण्याची यादी नव्हे" यावरून तू माझ्याशी महिनाभर अबोला धरला होतास. (तुम्ही पॅथॉलॉजीवाल्यांनी 2005 मध्ये केराटोसिस्टला ट्यूमर केलं, 2017 मध्ये परत सिस्ट. आणि शिस्त आम्ही पाळायची!)

गुरुवारी नुसती खरवडून काढणार होतो. केराटोसिस्ट असेल तर भिंतीतली पिल्लं, छोट्या सिस्ट, मागे राहतील, दोन-चार वर्षांत पुन्हा उभी. भिंतीत अमेलोब्लास्टोमा, जबडा पोखरणारा ट्यूमर, दडलेला असला तर विचारूच नकोस. ऑपरेशन पुढे ढकललंय. गॉर्लिन, केराटोसिस्टसोबत येणारा आनुवंशिक आजार, आठवून पोराचे तळहातही बघितले, खड्डे नाहीत.

ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइड सोमवारी कुरियरनं निघतील. तुकडा अपुरा वाटला तर सरळ सांग, मागच्या भिंतीतून दुसरा घेतो.

वहिनींची बदली झाली का? चिनूची यंदा बारावी ना?

फॉर्म सोबत आहे, दोन्ही बाजूंनी भरलाय. हस. मावशींना मात्र अजून पूच माहीत आहे.

तुझा,
अण्णा