मनू, तो फोटो आधी काढ

मनू,
काल "आई तुला नाही कळणार" म्हणून फोन ठेवलास, म्हणून लिहितेय, जेवणाच्या सुट्टीत तरी वाच.

कोलकात्याच्या हॉस्पिटलमध्ये बलात्कार करून मारलेल्या त्या डॉक्टर मुलीचा फोटो अजून तुझ्या स्टेटसला आहे, नावासकट. तुझा राग कळतो गं मला, ३६ तासांच्या ड्युटीत ती पोर जरा पाठ टेकायला सेमिनार हॉलमध्ये गेली होती. तुम्ही मार्डवाले, म्हणजे निवासी डॉक्टरांची संघटना, संपावर गेलात, तू पावसात बॅनर धरून उभी होतीस, बाबांनी तुझा तो फोटो अख्ख्या बिल्डिंगला दाखवला, तुला सांगणार नाहीत ते. तुमच्या ड्युटीरूमला आतून कडी आहे ना?

असो, ते नव्हतं लिहायचं. २० ऑगस्ट २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तिचं नाव, फोटो, मृतदेहाचे व्हिडिओ, सगळं सोशल मीडियावरून ताबडतोब काढा. २०१८ मध्येही कोर्टाने म्हटलं होतं की मुलगी गेली असली तरी ओळख उघड करायची नाही. आता न्याय संहितेचं कलम ७२ आहे, २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि तू डॉक्टर आहेस, पेशंटचं नाव बाहेर बोलायचं नसतं हे तुला मी सांगायचं का? सॉरी, परत सुरू झाले मी.

तू म्हणतेस नाव नाही घेतलं तर लोक विसरतील. २०१२ ला दिल्लीच्या मुलीचं नाव कुणाला माहीत होतं? तरी माणसं रस्त्यावर आली आणि २०१३ ला कायदा बदलला.

नंदाआत्याचं आठव. मंगळसूत्र ओढलं तेव्हाचं सीसीटीव्ही फुटेज सगळ्या ग्रुपवर फिरलं, चोर हेल्मेटमध्ये, चेहरा दिसत होता तो फक्त तिचा, फरफटत जाताना, साडी कुठे पदर कुठे. भाजीवाल्याकडे बायका विचारायच्या, व्हिडिओतल्या त्या तुम्हीच ना? हाताचं प्लास्टर निघालं तरी ती मंडईत जाईना, अजूनही काका जातात. चोर सापडायला त्या क्लिपचा उपयोग पोलिसांना होता, आपल्या नातेवाईकांच्या ग्रुपला कशाला हवी होती ती?

तुमच्या बॅचच्या ग्रुपवर ते व्हिडिओ आले असतील तर बघू नकोस, पुढे पाठवू नकोस, पाठवणाऱ्याला स्पष्ट सांग. मोर्चाला जा, मी अडवणार नाही. नाइट किती आहेत या महिन्यात? आणि कडी नसेल तर मॅडमना लेखी दे, नाहीच बसवली तर बाबा येऊन बसवतो म्हणतात, ड्रिल मशीन काढून ठेवलंय त्यांनी.

आई