मनसुखभाई, मोठ्या नावांना टेकू देऊ नका, जिल्ह्याच्या लीगला मैदान द्या

प्रति,
डॉ. मनसुख मांडवीय,
केंद्रीय युवा व्यवहार व क्रीडा मंत्री,
नवी दिल्ली

स.न.वि.वि.

मनसुखभाई, आपल्या मंत्रालयात फुटबॉलच्या फायली अलीकडे जेवढ्या फिरल्या, तेवढ्या आधीच्या दहा वर्षांत फिरल्या नसाव्यात. फेडरेशन, म्हणजे देशातल्या फुटबॉलची शिखर संस्था, आणि तिची व्यावसायिक भागीदार कंपनी यांच्यातला २०१० चा पंधरा वर्षांचा करार संपत आला, जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा हंगाम लटकला, काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले, आणि ते सगळं गाठोडं आपल्या दारात येऊन पडलं. अशा वेळी सल्ले देणाऱ्यांची वानवा नसते. त्यातला एक सल्ला वारंवार कानावर येतो: नव्या प्रादेशिक संघांच्या यशापुढे परंपरेचे क्लब टिकत नाहीत, तेव्हा वारसा म्हणून त्यांना जपा, सरकारी पैसा द्या, खालच्या श्रेणीत घसरू देऊ नका. मी हे पत्र त्या सल्ल्याविरुद्ध लिहितो आहे. गुजराती प्रत टपालाने पाठवतोच आहे. ही मराठी आमच्या माणसांनीही वाचावी म्हणून.

मी बडोद्याचा. घर दांडिया बाजारात, नोकरी संपलेली, आणि आता मुलांच्या एका फुटबॉल संघाचं चिटणीसपद फुकटात सांभाळतो. क्रिकेटच्या या गावात मला फुटबॉलची हौस लागली ती रिफायनरी आणि आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीच्या वसाहतींमुळे. तिथे बंगाली होते, मल्याळी होते, संध्याकाळी चेंडू असायचा आणि कोलकात्याच्या क्लबांपैकी मोहन बागान की ईस्ट बंगाल यावरून आठवडा आठवडा अबोला चालायचा. मी ईस्ट बंगालचा झालो, कारण मला चहा पाजणारं घर ईस्ट बंगालचं होतं. तेव्हा पुढचं लिखाण त्या क्लबांच्या वैऱ्याचं समजू नये.

नव्यांनी जुन्यांना बुडवलं, हे वाक्य तारखा न पाहता बोललं जातं. पंजाबच्या फगवाड्याच्या जेसीटीने १९९६-९७ ची पहिलीवहिली राष्ट्रीय लीग जिंकली. तो संघ २०११ मध्ये बंद झाला. मुंबईचा महिंद्र युनायटेड २००५-०६ चा विजेता, तो तर त्याआधी २०१० मध्येच गुंडाळला गेला. मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ पासूनचा, तो २००१ नंतर झालाच नाही. पन्नासच्या दशकात हाच कप सलग पाच वेळा नेणारा हैदराबाद सिटी पोलीस तर त्याच्याही कितीतरी आधी बाजूला पडला होता. आणि ज्याच्या नावाने बोटं मोडली जातात तो बेंगळुरू एफसी जन्मला २०१३ मध्ये! मिझोरमच्या ऐझॉलने आय-लीग, म्हणजे त्याच राष्ट्रीय लीगचं पुढचं रूप, जिंकली २०१७ मध्ये. म्हणजे जुनी घरं आधी पडली, नवे संघ मोकळ्या जागेत नंतर उभे राहिले.

गोव्याचं आणखी निराळं. साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि पाच वेळा देशाचा विजेता ठरलेला धेंपो यांनी २०१६ मध्ये आय-लीग सोडली. मैदानावर कोणी हरवलं म्हणून नव्हे. फ्रँचायझींची लीग वर आणि आय-लीग खाली असा आराखडा पुढे आला, आणि खालून वर जायची वाट त्यात दिसेना. दार बंद असेल तर मालक पैसे कशाला घालेल? हा ऱ्हास सरळसरळ कागदावर झाला आहे, आणि तसले कागद आता आपल्यासमोर येणार आहेत.

कोलकात्याबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायला हवं. १३ जुलै १९९७ ला फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल सॉल्ट लेक स्टेडियमवर भिडले, तेव्हा १,३१,७८१ माणसं हजर होती. ईस्ट बंगाल ४-१ ने जिंकलं. त्यातले तीन गोल भाईचुंग भुतियाचे, आणि भाईचुंग सिक्कीमचा. त्याच्याही खूप आधी, चाळीस-पन्नासच्या सुमाराला ईस्ट बंगालच्या ज्या पाच पुढच्या खेळाडूंना कोलकाता ‘पंचपांडव’ म्हणायचा, ते व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह पाचही दक्षिणेतले. थोरल्या क्लबांचं गणित पिढ्यान्‌पिढ्या हेच राहिलं: गर्दी आपली, पोरं बाहेरची. देशात मोठा पैसा आणि मोठं नाव एकाच शहरात होतं, तोवर ते सुटत राहिलं. त्रिचूरचा विजयन काय, सिक्कीमचा भाईचुंग काय, गुणी मुलाला कोलकात्याची गाडी पकडण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

घरच्या बाजूला काय होतं? कोलकात्याचं मैदान लष्कराच्या ताब्यातलं, तिथे क्लबांचे तंबू, पक्कं बांधकाम करायचं तर परवानगीचा घोळ. मोठे सामने सरकारी स्टेडियममध्ये. कारभार सभासदांच्या मतांवर. निवडणूक जिंकायची तर हंगामाआधी एखादा नावाजलेला स्ट्रायकर आणून दाखवावा लागतो, चौदा वर्षांखालच्या संघाला चांगला प्रशिक्षक दिला म्हणून कोणी हार घालत नाही. मग १९९८ मध्ये यूबी समूहाने दोन्ही क्लबांत निम्मी भागीदारी घेतली, आणि पैशासोबत क्लब कोणाचा हा वादही आला. ईस्ट बंगालने २०१८ ते २०२२ या काळात क्वेस, श्री सिमेंट आणि इमामी असे तीन गुंतवणूकदार पाहिले. श्री सिमेंटबरोबरच्या अंतिम करारावर तर क्लबाच्या पदाधिकाऱ्यांनी सही केलीच नाही. ज्या घरात मालक कोण हेच ठरत नाही, तिथे पोरांच्या सरावाचा हिशेब कोण ठेवणार? शेवटची राष्ट्रीय लीग आम्ही जिंकली २००३-०४ मध्ये. ‘आम्ही’ असंच येतं हो लिहिताना.

मोहन बागानवाले म्हणतील, आमचं काय बिघडलंय? खरं आहे. २०२४-२५ मध्ये त्यांनी सुपर लीगची शील्ड (गुणतक्त्यात पहिला येणाऱ्याची) आणि कप (शेवटच्या बाद फेरीचा) दोन्ही नेले. पण त्याआधी २०२० मध्ये एटीके या कोलकात्याच्याच फ्रँचायझी संघाशी विलीनीकरण झालं, १८८९ च्या नावाला तीन इंग्रजी अक्षरं चिकटली आणि ती काढायला पाठीराख्यांना तीन वर्षं ओरडावं लागलं. एखादा क्लब असा वाचतो. देशाला मात्र एवढे धनवान मालक मिळणार नाहीत.

आता मिझोरम. २०११ च्या जनगणनेत त्या अख्ख्या राज्याची वस्ती सुमारे ११ लाख, एकट्या बडोदे शहराची त्याच वर्षी सुमारे १७ लाख. तिथे मोठे उद्योग नाहीत, आणि आमच्याभोवती कारखान्यांची रांग आहे. पण २०१२ मध्ये त्यांनी मिझोरम प्रीमियर लीग सुरू केली. स्थानिक केबल वाहिनीने पैसे घातले आणि सामने घराघरांत दाखवले. गल्लीतला मुलगा टीव्हीवर दिसू लागला, की शेजारची दहा मुलं बूट मागतात, एवढं साधं आहे ते. २०१४ मध्ये मिझोरमने संतोष करंडक, म्हणजे राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा, जिंकला. २०१५-१६ मध्ये ऐझॉल आय-लीगमधून खाली घसरला होता, पण गोव्याचे क्लब बाहेर पडल्याने जागा रिकामी झाली आणि त्याला परत घेतलं. प्रशिक्षक कोण, तर त्याच सुमाराला मुंबई एफसीतून बाहेर पडलेले खालिद जमील. पुढच्याच हंगामात ऐझॉल मोहन बागानपेक्षा एका गुणाने पुढे राहून विजेता, आणि मुंबई एफसी तळाला जाऊन बंद. त्या विजेत्या संघात आशुतोष मेहता होता, जन्माने सुरतेचा. खालिद जमील २०२५ मध्ये भारताचे प्रशिक्षक झाले.

यात कोणी कोणाला लुबाडलेलं नाही. जी मुलं आधी ट्रायलसाठी कोलकात्याला जायची, त्यांना घरीच स्पर्धा मिळाली, आणि थोरल्या क्लबांकडे येणारा ओघ आटला. केरळने तेच केलं. गोकुलम केरळने २०२०-२१ आणि २०२१-२२ अशी सलग दोनदा आय-लीग नेली, जे तोवर कोणाला जमलं नव्हतं.

नवे संघ म्हणजे अमृत, असंही मी म्हणत नाही. पुण्याकडे पाहा. पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स, एफसी पुणे सिटी. २०१५ ते २०१९ या काळात चारही गेले. एफसी पुणे सिटीच्या जागी हैदराबाद आला, २०२१-२२ चा सुपर लीग विजेता झाला, पैशाच्या ओढाताणीत सापडला आणि २०२५ मध्ये दिल्लीला हलला. वरून आणून ठेवलेला संघ वरच्यावर उचलूनही नेता येतो. त्याच महाराष्ट्रात कोल्हापूर आहे. तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात आणि पेठच्या पेठ सामन्याला लोटते. त्यांना कंपनी सोडून जाऊ शकत नाही, कारण ते मुळात कंपनीचे नाहीतच. त्याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. आमच्याकडे जुम्मादादांच्या व्यायाममंदिराचा वारसा आहे, आखाडे आहेत. मी कोल्हापूरकरांचा हेवा करतो तो याच कारणाने: सामान तेच, त्यांनी त्यात चेंडू टाकला, आम्ही नाही.

हे आपल्याला पटावं म्हणून आपल्याच घरचा दाखला देतो. बडोद्याने रणजी करंडक पाच वेळा जिंकला, शेवटचा २०००-०१ मध्ये. हजारे इथून खेळले, किरण मोरे इथले, आणि त्या शेवटच्या विजयातला झहीर खान श्रीरामपूरहून आलेला. सौराष्ट्राने त्या नावाने पहिला रणजी करंडक घेतला मार्च २०२० मध्ये, दुसरा २०२२-२३ मध्ये. पुजारा राजकोटचा, जडेजा जामनगरचा, उनाडकट तर आपल्या मतदारसंघातल्या पोरबंदरचा. सौराष्ट्र वर आलं म्हणून बडोदा खाली गेला, असं इथल्या कट्ट्यावर बोललं जातं. पण २००१ आणि २०२० यांमधली एकोणीस वर्षं आमची आम्हीच घालवली. कोटंबीला नवं स्टेडियम झालं, देखणं आहे, पण शहरातल्या मुलाला खेळायला मोकळं मैदान शोधावंच लागतं.

फुटबॉलमध्ये तर आम्ही घालवण्याइतकंही काही कमावलेलं नाही. संतोष करंडक गुजरातला कधी मिळाला नाही, सुपर लीगमध्ये गुजरातचा क्लब नाही. मे २०२४ मध्ये गुजरात सुपर लीग सुरू झाली, सहा संघ, त्यात वडोदऱ्याच्या नावाचाही एक. आनंद झाला. पण सामने सगळे अहमदाबादला आणि स्पर्धा दोनेक आठवड्यांची. पोराला वर्षभर सामने लागतात. सोळा वर्षांचा मुलगा हंगामात मोजके सामने खेळतो, मग दहावी-बारावीचे क्लास लागतात आणि तो गेला. नवरात्र आलं की मैदानं गरब्याला. गरबा आम्हीही खेळतो, रुसवा त्याचा नाही, पण मंडपाचे खांब निघाल्यावर उरलेले खड्डे कोणी बुजवत नाही आणि पुढे महिनाभर मुलांचे घोटे मुरगळत राहतात.

२०३० ला अहमदाबादेत राष्ट्रकुल स्पर्धा आहेत. फुटबॉल त्यात नाही. म्हणजे राज्यात क्रीडेचा जो पैसा येईल, तो जलतरण, ॲथलेटिक्स अशा खेळांकडे जाणार आणि ते रास्तच आहे. माझी मागणी त्या पैशातल्या वाट्याची नाही. जी सरकारी संकुलं आधीच उभी आहेत, त्यांतल्या हिरवळीचे तास जिल्ह्याच्या लीगसाठी वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवले जावेत. लग्नाला, प्रदर्शनाला, सभेला मैदान देताना त्या तासांना हात लागू नये. फेडरेशनला मिळणारं सरकारी अनुदान जिल्ह्यात प्रत्यक्ष खेळल्या गेलेल्या सामन्यांशी जोडावं, उद्‌घाटनांच्या फोटोंशी नव्हे. छोट्या संघाने घडवलेला मुलगा मोठ्या क्लबात गेला, तर घडवणाऱ्याचा वाटा त्याच्या खात्यात पोचतो का, हे एकदा मंत्रालयाने मागवून पाहावं. आणि सुपर लीगचा नवा करार होताना वर चढण्याची आणि खाली घसरण्याची वाट दोन्ही बाजूंनी उघडी ठेवावी. त्यात ईस्ट बंगाल घसरला तर घसरू दे. मी चार दिवस जेवणार नाही, तो माझा प्रश्न.

पंजाब एफसी २०२३ मध्ये आणि कोलकात्याचा मोहम्मेडन २०२४ मध्ये आय-लीगमधून खेळून सुपर लीगमध्ये वर आले, तेव्हा तसं दार उघडलं होतं. मोहम्मेडन तर १८९१ चा क्लब, पहिल्याच हंगामात तळाला राहिला. त्याला कोणी सवलतीने आणलं नव्हतं, तो आय-लीग जिंकून आला होता.

आमच्या मैदानाचा अर्ज संबंधित कार्यालयात पडून आहे. जूनपासून नवरात्रापर्यंतचे शनिवार-रविवार सकाळी सहा ते नऊ एवढंच मागितलं आहे, भाडं द्यायची तयारी आहे. मेअखेर होकार आला तर सामन्यांची सोडत काढता येईल.

आपला,
बडोद्यातील मुलांच्या एका फुटबॉल संघाचा चिटणीस