आडनावाचा शोध : कागद जमवताना

सर्व सभासदांना सूचना. आडनावाचा अर्थ लावण्याआधी जुनं आडनाव सापडायला हवं. खान्देशात पाटील, महाजन, चौधरी, देशमुख ही बहुतेक वेळा मानाची वा हुद्द्याची नावं. खरं आडनाव त्यांच्यामागे दडलेलं असतं.

सुरुवात आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरपासून करावी. मग तहसीलमधून कोतवाल बुकाची (गावची जन्म-मृत्यूची नोंदवही, गाव नमुना १४) आणि जुन्या फेरफारांची (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदींची) नक्कल मागावी. अर्जात गावासोबत जुना तालुकाही लिहा. १९०६ पूर्वी पूर्व-पश्चिम खान्देश वेगळे नव्हते आणि नंदुरबार जिल्हा १९९८ चा, त्यामुळे दप्तर भलतीकडे असू शकतं.

कोतवाल बुकात बऱ्याचदा आडनावच नसतं. ‘सखाराम वल्द धोंडू’ एवढंच. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. काहींनी तेच आडनाव म्हणून उतरवून आणलंय! जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात; तिच्यात शब्द सलग लिहितात, ऱ्हस्व-दीर्घही पाळत नाहीत, म्हणून बापाचं नाव आणि आडनाव एकमेकांत मिसळतं. वाचन जाणकाराकडूनच करून घ्या.

यजमान घराण्यांच्या वंशावळीच्या वह्या ठेवणाऱ्या त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे जाताना मूळ गाव आणि तीन पिढ्यांची नावं लिहून न्या. नुसत्या ‘पाटील’वर वही उघडून उपयोग नाही.

नकलांचे फोटो ग्रुपवर टाकताना पानाचा वरचा मथळा कापू नका. गाव आणि साल तिथेच असतं.