बांधावरचा राग कुठवर धरायचा?

महोदय,

नांगराचं एक तास इकडे सरकलं, बांध कोरला गेला, एवढ्यावरून सख्ख्या भावांचं बोलणं तुटल्याची उदाहरणं आमच्या भागात गावोगाव आहेत. मग मोजणी, तहसील, दिवाणी दावा. दावा लावणारा जातो आणि वारस म्हणून पोरांची नावं लागतात. परवा एका दहाव्याला मयताचा धाकटा भाऊ गर्दीच्या मागेच उभा होता. पुढे व्हायला त्याचे पाय धजेनात. एका ताटात जेवलेली माणसं ही! आयुष्य असं किती मोठं असतं, की त्यातली वीस वर्षं अबोल्यात घालवावीत?

एकमेकांच्या नावावरची जमीन किमान १२ वर्षं परस्परांच्या ताब्यात असेल, तर अदलाबदलीच्या दस्तासाठी मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी प्रत्येकी १,००० रुपये, अशी सवलत देणारी ‘सलोखा’ योजना शासनाने २०२३ मध्ये आणली. बांधाच्या प्रत्येक भांडणाला ती लागू पडत नाही, हे खरं. पण कागद सोपा झाला तरी आधी कुणी हाक मारायची, इथेच घोडं अडतं. गावातल्या जाणत्यांनी दोघेही हयात असतानाच त्यांना समोरासमोर बसवावं, ही कळकळीची विनंती.

– एक शेतकरी वाचक