बँड सुटल्यावर

ठाणे, रविवार

चि. मैत्रेयी,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, बँड सोडला आणि आता सगळं मी एकटीच करणार. शब्द माझे, चाल माझी, गिटार माझी, रेकॉर्डिंग-मिक्सिंगही घरीच लॅपटॉपवर. तेवढ्यात आईने मागून "जेवतेस का वेळेवर?" सुरू केलं आणि विषय तिथेच राहिला. बँड का सोडलास ते मी विचारत नाही. तुमचं तुम्हाला ठाऊक. पण सगळं एकटीने करायचा तुझा बेत मला पटलेला नाही. का नाही, ते फोनवर धड सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

माझ्या कपाटात कॉलिन ब्लन्स्टोनची कॅसेट आहे, आठवते? ऑफिसातल्या एका गोवेकर मित्राने भरून दिलेली. लहानपणी तू तिला 'रडक्या काकाची कॅसेट' म्हणायचीस. तो काका मुळात 'झॉम्बीज' या इंग्लिश बँडचा गायक. लंडनच्या उत्तरेला सेंट ऑल्बन्स नावाचं गाव आहे, तिथली ही शाळकरी पोरं. गंमत म्हणजे कॉलिन आला तो गिटार वाजवायला आणि गाणार होता रॉड अर्जेंट. पहिल्याच तालमीत मधल्या वेळात रॉड पियानोवर बसला, तो ऐकून कॉलिन म्हणाला, तू हेच वाजव. मग कॉलिन सहज गुणगुणत होता तेव्हा रॉडने त्याला गायक करून टाकलं. त्याच्या आवाजात काय आहे हे आधी दुसऱ्याच्या कानांना कळलं.

१९६४ साली रॉडने लिहिलेलं 'शीज नॉट देअर' आलं. इंग्लंडमध्ये ते खपाच्या यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत गेलं, अमेरिकेत थेट दुसऱ्या. पुढच्या वर्षी 'टेल हर नो' अमेरिकेत सहावं. नंतर मात्र गाडी अडली. रेकॉर्डमागून रेकॉर्ड निघत होती, चालत एकही नव्हती. १९६७ मध्ये त्यांनी अ‍ॅबे रोड स्टुडिओत 'ओडेसी अँड ओरॅकल' हा अल्बम रेकॉर्ड केला (मुखपृष्ठ रंगवणाऱ्याने 'ओडिसी'चं स्पेलिंग चुकवलं ते चुकवलंच, आजही तसंच छापतात) आणि तो बाजारात यायच्या आत, त्याच वर्षीच्या डिसेंबरात, बँड मोडला.

का मोडला, हे नीट वाच, कारण यात तुझाही प्रश्न आहे. बँडमधल्या पाच जणांत रॉड आणि ख्रिस व्हाइट हे दोघे गाणी लिहायचे. रेकॉर्ड विकली गेली, रेडिओवर वाजली, की लिहिणाऱ्याला रॉयल्टी मिळत राहते. बाकीच्या तिघांची मदार कार्यक्रमांच्या बिदागीवर. बिदागी आटली तशी तिघांचे खिसे रिकामे झाले, आणि त्या तिघांत गायकही होता! जगाने ज्याचा आवाज ओळखला, त्याच्याकडेच पैसे नव्हते. त्यामुळे स्वतः गाणी लिहायचा तुझा हट्ट व्यवहार म्हणून मला पूर्ण मान्य आहे. लिही, आणि नावावर नोंदवूनही घे.

तर बावीस वर्षांचा कॉलिन नोकरीला लागला. कुठे? विमा कंपनीत! उभी हयात विम्याच्या फायली चाळण्यात गेलेल्या माझ्यासारख्याला तो जवळचा का वाटला, ते आता कळेल तुला. क्लेमचे कागद पुढे आले की उदास व्हायला वेळ मिळत नाही, हे मी तुला अनुभवाने सांगतो.

तो ऑफिसात बसलेला असताना, १९६९ मध्ये, त्या मोडलेल्या बँडच्या शेवटच्या अल्बममधलं 'टाइम ऑफ द सीझन' अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर पोचलं. बँडच अस्तित्वात नाही म्हटल्यावर तिकडे चक्क तोतये झॉम्बीज गावोगाव कार्यक्रम करायला लागले. याच गाण्याच्या रेकॉर्डिंगला कॉलिन आणि रॉड यांचं चांगलंच वाजलं होतं. रॉड सारखा टोकत होता, असं नाही, तसं म्हण. शेवटी कॉलिन चिडून म्हणाला, एवढं येतं तर तूच गा. रॉड ऐकेना, गायक तू आहेस, जमेपर्यंत तिथेच उभा राहा. आज ते गाणं ऐकताना कुठे भांडण ऐकू येतं का बघ. तुझ्या त्या ड्रमरबद्दल तू जे जे सांगतेस, ते ऐकताना मला हाच किस्सा आठवतो.

कॉलिनचा पहिला एकट्याचा प्रयोग मला फारसा रुचत नाही. निर्माता माइक हर्स्टने त्याला परत स्टुडिओत आणलं, नाव बदलून नील मॅकआर्थर केलं आणि गायला काय दिलं, तर पुन्हा 'शीज नॉट देअर'! ते चौतिसाव्या क्रमांकापर्यंत चढलं. नवं नाव, जुनं गाणं. असं अर्धवट धाडस का करावं माणसाने?

खरी मजा पुढे आहे. १९७१ साली त्याच्या स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम आला, 'वन इयर'. निर्माते कोण? रॉड अर्जेंट आणि ख्रिस व्हाइट. म्हणजे बँड मोडून चार वर्षं झाल्यावर तेच दोघे त्याच्या पाठीशी उभे. त्यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं 'से यू डोन्ट माइंड' त्याचं नव्हेच. ते डेनी लेनचं. हा डेनीदेखील बँड सोडलेला गायक. 'मूडी ब्लूज'चं 'गो नाऊ' त्याने गायलं होतं, १९६६ मध्ये तो बाहेर पडला आणि पुढच्या वर्षी स्वतः लिहिलेलं हे गाणं स्वतः गाऊन त्याने काढलं. ते पडलं. कॉलिनने तेच गायलं आणि १९७२ मध्ये ते इंग्लंडात पंधरावं आलं.

हेडफोन लावून ऐक. ड्रम नाही, बेस गिटार नाही, काही नाही. नुसती व्हायोलिन-चेलोची मंडळी. ख्रिस्तोफर गनिंग नावाच्या माणसाने ती रचना केली आहे. ड्रमचं काम तो गजाच्या तुटक फटकाऱ्यांवर भागवतो आणि त्या फटकाऱ्यांच्या मधल्या जागेत हा आवाज येतो, श्वासासकट. शेवटी कॉलिन जी वरची पट्टी गाठतो, तिथे त्याला आधाराला ठेका नाही, कोरस नाही. मला दर वेळी वाटतं, आता चिरकणार. चिरकत नाही. त्याच अल्बमात 'मिस्टी रोझेस' आहे, मूळ टिम हार्डिनचं. आधी गिटारवर अलगद गातो, मग मध्येच तंतुवाद्यं भलत्याच अनोळखी वाटेने निघून जातात, आणि आपण गाणं संपलं म्हणेपर्यंत तो परत येतो. हे सुचलं गनिंगला. कॉलिनला ते सुचलं नसतं आणि सुचायची गरजही नव्हती. त्याने स्वतः लिहिलेली गाणीही त्यात आहेत, 'कॅरोलाइन गुडबाय' तर फारच चांगलं आहे. पण अल्बमचा कणा कोणता विचारशील, तर मी ती दोन परकी गाणी सांगेन.

त्याच्या पुढच्या 'आय डोन्ट बिलीव्ह इन मिरॅकल्स'चा कवी रस बॅलर्ड, म्हणजे रॉडच्या नव्या बँडमधला गिटारवाला. १९८१ मध्ये डेव्ह स्टुअर्टच्या कीबोर्डवर गायलेलं जुनं गाणं तेराव्या क्रमांकावर गेलं. १९८२ चं 'ओल्ड अँड वाइज' 'अ‍ॅलन पार्सन्स प्रोजेक्ट' या बँडचं. सगळीकडे आवाज याचा आणि घर दुसऱ्याचं. शेवटी रॉडबरोबर झॉम्बीज पुन्हा उभे केले आणि २०१९ मध्ये अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला.

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? 'शुक्रतारा मंद वारा' म्हटलं की लोक अरुण दात्यांचं नाव घेतात. शब्द पाडगावकरांचे, चाल खळ्यांची, आणि दाते कापड गिरणीतली इंजिनिअरची नोकरी सांभाळून गाणारे. कुणाला कमीपणा आला का त्यात?

उलट उदाहरणही देतो, नाहीतर म्हणशील बाबा सोयीचं तेवढं सांगतात. 'माइंडबेंडर्स' या इंग्लिश बँडचा गायक वेन फॉन्टाना १९६५ मध्ये कार्यक्रम चालू असताना स्टेजवरून उतरून निघून गेला. मागे उरलेल्या 'माइंडबेंडर्स'चं पुढचंच गाणं इंग्लंड-अमेरिका दोन्हीकडे दुसऱ्या क्रमांकावर! वेनचं एकट्याचं 'पामेला पामेला' चांगलं चाललं, अकरावं आलं. पुढे मात्र तो मागेच पडत गेला. आता हे नशीब की स्वभाव, मला सांगता येणार नाही.

तर माझं म्हणणं एवढंच की बँड सोडलास म्हणून माणसं सोडू नकोस. तुमच्यातला तो कीबोर्डवाला, दाढीवाला, ज्याची दोन गाणी तुम्ही कधी स्टेजवर घेतलीच नाहीत, त्याला फोन कर. त्यातलं पावसाचं गाणं तुझ्या आवाजाला बसेल असं मला तेव्हाही वाटलं होतं. आणि रात्री दोन वाजता स्वतःच्याच आवाजाचं मिक्सिंग स्वतः करू नकोस. त्या वेळी सगळंच वाईट वाटतं, नाहीतर सगळंच थोर.

लॅपटॉपमधली व्हायोलिनं मात्र नकोत. खरे वाजवणारे चौघे बोलाव, बंगळुरात मिळतील. एका दिवसाचे ते किती घेतात आणि स्टुडिओचं भाडं किती पडतं, ते विचारून कळव. माझी एक एफडी पुढच्या महिन्यात मोकळी होते आहे. आईला अजून सांगितलेलं नाही, मी बघतो ते. तुझा खाते क्रमांक जुनाच आहे ना?

तुझा,
बाबा