चिनूबरोबर मी जाते आहे

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

समोर बसून सांगायला गेले की आईचे डोळे भरतात आणि बाबा पेपर उघडून बसतात, म्हणून लिहितेय. बाणेरचा फ्लॅट आम्ही विकला. टोकन वगैरे नाही, खरेदीखतच झालं. एप्रिलमध्ये तुमच्या नातवाला, चिनूला घेऊन मी इंग्लंडला जातेय. ब्रिटिश एफ-फोरचा, म्हणजे फॉर्म्युला गाड्यांच्या खालच्या पायरीच्या शर्यतींचा मोसम संपला की ऑक्टोबरात परत. दिवाळीला मी पुण्यातच असेन.

बाबा, तुम्ही हिशेब मागणारच. मोसमाचा खर्च कोटींत जातो. भोसरीच्या कारखानदारांनी बराचसा उचललाय, उरलेला आपला. चेन्नई-कोइम्बतूरच्या शर्यतींत तो पहिल्या तिघांत यायला लागला, पण युरोपातल्या टीमवाल्यांच्या डोळ्यांत भरायचं तर तिकडेच पळावं लागतं. फॉर्म्युला वनच्या सुपर लायसन्सला, म्हणजे तिथे गाडी पळवायच्या परवान्याला, तीन मोसमांत मिळून 40 गुण लागतात. एफ-फोर जिंकली तर 12, त्यावरची एफ-थ्री जिंकली तर 30. मधली पायरी गाळून चालत नाही. ‘नारायण कार्तिकेयन झाला, करुण चंढोक झाला, पुढे कोण?’ असं तुम्ही मागे म्हणालात. 2012 नंतर फॉर्म्युला वनमध्ये आपलं कोणी नाही, खरंच आहे. चिनू तिथवर पोचेलच असं मीही म्हणत नाही. पण पैशांपायी राहिलं, असं त्याने उद्या म्हणायला नको. आणि शिक्षण सुटत नाहीये, बारावी ओपन स्कूलमधून देतोय.

आई, तो व्हॉट्सॲपवरचा आगीचा व्हिडिओ आता परत बघू नकोस. 2020 साली बहारीनला फॉर्म्युला वनवाल्या ग्रोजाँची गाडी कठड्यावर आपटून दुभंगली, पेटली, तरी तो त्यातून आपल्या पायांनी बाहेर आला, हे त्याच व्हिडिओत दिसतं. त्याच्या डोक्यावर जी टायटॅनियमची कमान होती, हेलो म्हणतात तिला, तशी चिनूच्या गाडीलाही आहे. शिवाय अंगाला बांधायचे सहा पट्टे, आणि मानेला झटका बसू नये म्हणून हेल्मेट खांद्यावरच्या पट्टीला अडकवलेलं. मान बळकट व्हावी म्हणून रोज रात्री तो पलंगाच्या कडेबाहेर डोकं काढून हेल्मेटसकट मान तोलत पडलेला असतो. मी दिवा मालवायला गेले की म्हणतो, ‘आई, अजून दोन मिनिटं.’

उलट काळजी मला बाबांची वाटते. हेल्मेटसक्तीविरुद्ध सह्या गोळा करणारे तुम्ही, शहात्तराव्या वर्षी बीपीची गोळी घेऊन चेतकवरून लक्ष्मी रोडला जाता! मला पुढे उभं करून चांदणी चौकाच्या उतारावर इंजिन बंद करायचात, पेट्रोल वाचतं म्हणून. वारा तोंडात जायचा आणि मी ‘अजून जोरात’ म्हणून ओरडायचे. तेव्हा आईला कधी सांगितलं नाही आपण. चिनूत हे कुठून आलं, ते विचारू नका.

आता मात्र रिक्षा. चेतकची किल्ली माझ्याकडे राहील.

तुमचे जावई तुमच्याच गल्लीत भाड्याने राहायला येताहेत, रात्री चक्कर मारतील. गोळ्यांचा डबा दर रविवारी तेच भरतील. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी आणलेला नाही. सिलिंडर स्वतः सरकवायचा नाही, मावशींना सांगायचं. चिनूसाठी लाडूंचा डबा भरू नकोस, त्याला वजन सांभाळायचंय, माझ्यासाठी दे. शर्यतीची लिंक पाठवीन, आपलं घड्याळ साडेचार तास पुढे असतं. देव पाण्यात घालून बसू नकोस, शर्यत बघ.

रविवारी जेवायला येतोय. चिनूसमोर फ्लॅटचा विषय काढू नका. आपण तो भाड्याने दिलाय, असं त्याला वाटतंय.

तुमची,
ताई